कोपराच्या खाली चार बोटं

आमची पिठाची गिरणी नेरडीगोंड्याच्या अलीकडे, नागपूर–हैदराबाद रस्त्याला लागून होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा भाग आंध्र प्रदेशात होता. सरकारी कागद तेलुगूत यायचे, घरात आम्ही मराठी बोलायचो, आणि दळण घेऊन येणाऱ्याशी तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत. माझ्या आज्या-बापाने इथे भाजीपाला पिकवला. गिरणी मी टाकली. पण लग्नानंतर वर्षभरातच ती माझ्यापेक्षा माझी बायको चांगली चालवू लागली. चक्कीतून पडणारं पीठ अंगठा आणि दोन बोटांत चोळून ती सांगायची, ज्वारी ओली आहे, किंवा दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावायची वेळ झाली आहे. ती कधी चुकली नाही.

डिझेल इंजिनावरून चक्कीकडे एक रुंद पट्टा जायचा. त्याच्याभोवती लोखंडी जाळी होती, कुणाचा हात किंवा पदर आत जाऊ नये म्हणून. पट्टा जुना झाला होता, सारखा घसरायचा, आणि तो परत चढवायचा म्हणजे दर वेळी जाळीचे चार नट सोडायचे. एक दिवस कंटाळून मी जाळीच काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. नवा पट्टा आला की बसवू, असं म्हणालो. हे मी आधीच सांगून टाकतो. ते मागे ठेवून पुढचं मला सांगता येणार नाही.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. टाकी लावणाऱ्या कारागिराला बोलवायला मी सायकलने पुढच्या गावी गेलो होतो. गिरणीवर सात-आठ बाया थांबल्या होत्या. पट्टा कडेला सरकायला लागला. एरवी बायको तो काठीने आत ढकलायची. त्या सकाळी काठी पोत्यांमागे पडली होती म्हणून तिने तळहाताने ढकलला. पट्ट्याच्या जोडातली तार तिच्या बांगड्यांत अडकली आणि उजवा हात चाकात ओढला गेला. हे सगळं मला नंतर बायांनी सांगितलं. रस्त्यापलीकडचा चहावाला धावत आला आणि त्याने इंजिन बंद केलं. ती ओरडली नाही, असं सगळ्याच सांगतात. ज्या बाईचं ज्वारीचं दळण चाललं होतं तिला ती फक्त म्हणाली, "दळण बाजूले घ्या, खराब होईन."

एका बाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दंडाला आवळून बांधला. चहावाल्याने आदिलाबादकडे जाणारी लॉरी थांबवली. मी परत आलो तेव्हा गिरणीत कुणी नव्हतं. चाकाखालची जमीन कुणीतरी राख टाकून झाकली होती, आणि जाळी भिंतीला टेकलेली होती.

आदिलाबादच्या दवाखान्यात मी पोहोचेपर्यंत तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पन्नाशीचे, तेलुगू. बेल्लमपल्लीकडच्या खाणींच्या भागात बरीच वर्षं काम करून आलेले. चेंगरलेले हातपाय त्यांनी शेकड्यांनी पाहिले असतील. आमच्याशी ते हिंदीत बोलायचे, मधूनच बाजारात शिकलेला एखादा मराठी शब्द घालून. तिला ते 'अम्मा' म्हणायचे, ती त्यांच्या मुलीच्या वयाची असली तरी.

संध्याकाळी त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की पंजा आणि मनगट वाचण्यासारखं नव्हतं, ते काढावं लागलं. वरचा हात त्यांनी नुसता धुतला होता, मेलेलं मांस काढलं होतं आणि जखम उघडी ठेवून पट्टी बांधली होती. शिवलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले की चिरडलेल्या हातात काय जिवंत आहे आणि काय नाही, हे पहिल्या दिवशी खरं कळत नाही. घाईने शिवलं तर आत पू होतो, आणि घाईने कापलं तर चांगलंही जातं. दोन दिवसांनी पुन्हा उघडून बघू.

दोन दिवसांनी त्यांनी बघितलं आणि आम्हाला बोलावलं. मी होतो, माझे वडील होते आणि तिचा थोरला भाऊ होता. डॉक्टरांनी स्वतःचा हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताची चार बोटं कोपराच्या खाली आडवी ठेवली. इथपर्यंत हाड चांगलं आहे, ते म्हणाले. कोपराचा सांधा शाबूत आहे. कोपर वाकवणारा स्नायू ज्या जागी हाडाला चिकटतो ती जागाही या चार बोटांतच आहे, आणि ती धड आहे. पण एवढ्या भागावर कातडीच उरलेली नाही.

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, कोपराच्या वर कापायचं. तिथे कातडी भरपूर आहे, झाकून शिवता येईल, पंधरा दिवसांत घरी जाता येईल. दुसरा, कोपर आणि ही चार बोटं ठेवायची, आणि झाकायला कातडी पोटावरून आणायची. पण ती कापून चिकटवता येत नाही, उघड्या हाडावर ती जगत नाही. म्हणून हातच पोटाला शिवायचा, तीन आठवडे तसाच बांधून ठेवायचा, हातातून नव्या रक्ताची वाट तयार झाली की मग पोटापासून सोडवायचा. म्हणजे तीन शस्त्रक्रिया, कदाचित चार.

वडील म्हणाले, पंजा तर गेलाच आहे. चार बोटांच्या खुंटासाठी पोरीला आणखी किती हाल? तिचा भाऊ खाली बघत होता. मलाही वडिलांचंच पटलं. खरं सांगायचं तर मला ते सगळं लवकर संपायला हवं होतं. ती खाटेवर होती तोवर मला तिच्याकडे धड बघता येत नव्हतं. मी कागद मागितला.

डॉक्टरांनी कागद दिला नाही. ते म्हणाले, "सही तुमची लागते. पण हात यांचा आहे. यांना विचारू."

ती तापात होती, पण शुद्धीवर होती. डॉक्टरांनी तिच्यासमोर उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश. मग नर्सकडून रजिस्टर घेतलं. आपला पंजा पाठीमागे मुडपून त्यांनी ते रजिस्टर वाकवलेल्या कोपराच्या बेचक्यात धरलं, छातीशी दाबलं, वर-खाली केलं. ते पडलं नाही. मग म्हणाले, आता समजा कोपरच नाही. त्यांनी दंड नुसता बाजूला टेकवून धरला. रजिस्टर निसटून फरशीवर पडलं.

आमची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. माझ्या आईजवळ होती, आणि तीन दिवसांत तिने आपल्या आईला बघितलं नव्हतं.

"पोरगी बसते का याच्यावर?" बायकोने विचारलं.

मी डॉक्टरांना त्याचा अर्थ सांगितला.  ते म्हणाले की बसेल असं त्यांना वाटतं, पण ते वचन देत नाहीत. पोटाची कातडी जगली नाही, किंवा पू झाला, तर शेवटी कोपराच्या वर कापावंच लागेल, आणि मधले सगळे दिवस फुकट भोगल्यासारखे होतील. पण एकदा कापलेलं हाड त्यांना परत आणून देता येणार नाही.

ती म्हणाली, "मंग आंधी हे करू. कापाचंच असन त मंग बी कापता येते."

मी सही केली.

तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या पोटाची कातडी त्यांनी तीन बाजूंनी सोडवली आणि चौथी बाजू शरीरालाच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त तिकडून येत राहील. ती पट्टी हाताच्या उघड्या टोकावर ओढून सुट्या तिन्ही बाजूंनी शिवली. हात पोटाशी रुंद चिकटपट्ट्यांनी बांधून टाकला. जोरात खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, एकटीने उठून बसायचं नाही. हात ओढला गेला तर टाके तुटतील.

नर्सने मला एक काम शिकवलं. त्या कातडीवर बोट हलकेच दाबायचं. दाबलं की पांढरी पडते, सोडलं की गुलाबी होते. गुलाबी व्हायला वेळ लागला, किंवा रंग काळपट दिसला, तर लगेच सांगायचं. दिवसातून कितीदा मी ते केलं असेल कुणास ठाऊक. मी बोट लावलं की बायको म्हणायची, "हाताले नाही, पोटाले लागून राह्यलं." हातावरच्या त्या कातडीला अजून आपण पोटावरच आहोत असं वाटत होतं.

सहाव्या दिवशी एक कोपरा निळा दिसला, नखाएवढा. संध्याकाळपर्यंत तो काळा झाला. मी डॉक्टरांच्या मागे धावत गेलो. त्यांनी येऊन बराच वेळ बघितलं, दाबलं, सुई टोचून रक्त कसलं येतं ते पाहिलं. मग तेवढा काळा कोपरा तिथेच कात्रीने काढून टाकला. तिला दुखलं नाही. बाकीचं जिवंत आहे, ते म्हणाले. पण पुढचे चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा स्वतः येऊन बघून जायचे, त्यावरून त्यांनाही काळजी होती हे मला कळत होतं.

त्या आठवड्यांत मी तिला भरवलं, तिचं अंग पुसलं, केस विंचरले. वेणी घालायला मला शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने शिकवलं. पहिल्या काही वेण्या अर्ध्या दिवसात सुटल्या. नसलेला हात तिला दुखायचा, आणि त्याची मला सवय व्हायला वेळ लागला. "बोटं आवळून राह्यली," ती म्हणायची, "नखं तळव्यात रुतते." मी पहिल्यांदा विचारलं, "कोन्ती बोटं?" ती म्हणाली, "तीच." डॉक्टरांनी सांगितलं की हे खोटं नाही, तिला खरंच दुखतं, डाव्या हाताची मूठ आवळून हळूहळू उघडत जा, मनात दोन्ही उघडतो आहोत असं धरून. कधी कधी त्याने आराम पडायचा.

एका दुपारी वॉर्डात बरीच माणसं झोपली होती. मी तिचे केस विंचरत होतो, म्हणजे मी तिच्या मागे होतो आणि तिला माझं तोंड दिसत नव्हतं. मी म्हणालो की एक गोष्ट सांगायची आहे. जाळीचं. एवढं बोललो आणि मला पुढे बोलवेना.

ती म्हणाली, "मले माहीत हाय. भितीले टेकवून ठेवली होती, मी रोज पाहात होती. मी बी नाही बसवली."

"मी काढली होती," मी म्हणालो.

"तुमीच काढली," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही. मग म्हणाली, "पन आता माह्यासमोर रडू नोका. माह्यं मले सहन होते. तुमचं बी मीच सहन करू का?"

मी वेणी पुरी केली. त्यानंतर तिच्यासमोर मी त्या गोष्टीसाठी रडलो नाही. तिने माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर त्या कातडीच्या पोटाकडच्या मुळाशी रबरी नळी आवळून बघू लागले. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. पोटाकडून येणारं रक्त अडवलं तरी टोक गुलाबी राहतं का, ते बघायचं होतं. राहिलं. मग एका सकाळी त्यांनी हात पोटापासून सोडवला. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा अजून उघडी होती, तिथे मांडीवरची पातळ कातडी काढून लावली. एवढ्या सगळ्यात तिला सर्वांत जास्त त्रास त्या मांडीच्या जखमेचा झाला.

पण कोपर अडकून बसलं होतं. तीन आठवडे एकाच कोनात बांधलेलं. सरळ होईना, वाकेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता माझं काम संपलं, तुमचं सुरू. एका लहान पिशवीत पावशेर ज्वारी घालून ती हाताला अडकवायची आणि हात खाटेबाहेर लोंबता सोडायचा. मग वाकवायचा. दुखेपर्यंत नाही, दुखल्यानंतरही थोडं. ती डोळे मिटून मोजायची. वीस झाले की थांबायची, आणि थोडं थांबून पुन्हा एकपासून.

आम्ही घरी आलो तेव्हा कार्तिक संपत आला होता. मुलगी तिच्याकडे आली नाही. आजीच्या पदरात तोंड लपवून तिने हाताकडे बघितलं आणि रडायला लागली. बायकोने हट्ट केला नाही. ती तिच्यासमोर बसायची, पदर बाजूला करून, आणि हात नुसता मांडीवर ठेवायची. आठ-दहा दिवसांनी मुलीने बोटाने त्याला हात लावून पाहिला. पौषात एका सकाळी मी विहिरीवरून आलो तर मुलगी उजव्या कडेवर बसली होती, कोपराखालचा तो चार बोटांचा खुंट तिच्या पाठीमागून वळलेला, आणि बायको डाव्या हाताने चुलीत काटक्या सारत होती. मी बादली ठेवून बाहेरच उभा राहिलो.

सगळंच असं झालं नाही. नात्यातल्या एका बाईने तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात 'थोटी' म्हटलं. त्यानंतर वर्षभर ती बाहेर जाताना हात पदराखाली ठेवायची. हैदराबादहून कृत्रिम हात बसवून आणला. तो तिने लग्नाकार्यात घातला, घरात नाही. म्हणायची की त्याला काही लागत नाही, गरम का थंड कळत नाही. डाव्या हाताने लिहायला ती शिकली, पण अक्षर तिला कधी आवडलं नाही. नसलेली बोटं थंडीत अजूनही आवळायची. गिरणी विकू, असं मी म्हणालो तर ती म्हणाली, जाळी बसवा आणि सुरू करा. मी बसवली. सहा महिने ती आत गेली नाही. मग एक दिवस येऊन पोत्यावर बसली, आणि हळूहळू डाव्या हाताच्या बोटांना पीठ कळायला लागलं.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघं हसायचो. अंगावर जरा मांस चढलं की तो हातही जाड व्हायचा. आम्ही डॉक्टरांना दाखवायला नेला. ते म्हणाले, कातडी पोटाची आहे अम्मा, तिला वाटतं आपण अजून पोटच आहोत.

तीनेक वर्षांनी डॉक्टरांचा निरोप आला. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा एक चाळिशीचा माणूस दवाखान्यात आला होता. मराठी माणूस, बायको, दोन मुली. हात तसाच गेलेला, कोपराखाली जवळजवळ तेवढंच उरलेलं. घरचे ठरवू शकत नव्हते. डॉक्टरांना वाटत होतं की आम्ही येऊन बोलावं.

आम्ही सकाळच्या बसने गेलो. तिने त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढलं, पदर बाजूला केला आणि हात त्याच्यासमोर धरला. वाकवून दाखवला. मग माझ्याकडची पिशवी घेऊन कोपरात अडकवली आणि वॉर्डातून एक फेरी मारून आली. काय दुखलं, किती दिवस दुखलं, तेही सांगितलं. तो माणूस तिच्या हाताकडे बघत होता. त्याच्या बायकोने विचारलं, तुमची पोरगी किती मोठी हाय. त्याच दिवशी त्यांनी होकार दिला.

दोन आठवड्यांनी कळलं की त्याची कातडी धरली नाही. आत पू झाला होता, ताप उतरत नव्हता, आणि डॉक्टरांना त्याचा जीव वाचवायला कोपराच्या वर कापावं लागलं.

ते ऐकल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी म्हणालो की डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलंच असेल, हे होऊ शकतं म्हणून. ती म्हणाली, "सांगतलं असन. पन मी हात दाखोला. मंग सांगतलेलं कोन आयकते?"

ती मला घेऊन पुन्हा आदिलाबादला गेली. तो माणूस उशाला टेकून बसला होता, दंडाला पट्टी. तिला बघून तो सरकला आणि खाटेवर जागा केली. ती बसली नाही. उभी राहूनच म्हणाली की मी आले नसते तर तुमचे एवढे दिवस वाचले असते.

 तो म्हणाला, "ताई, तुमी खोटं कायी सांगतलं नाही. तुमचं जमलं, माह्यं नाही जमलं. आंधीच वर कापलं असतं त मी जलमभर म्हनत राह्यलो असतो, की राह्यलं असतं कोपर." त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हा ती बसली.

त्या माणसाकडे आम्ही नंतरही जात राहिलो. जिनिंगमध्येच त्याला फाटकावर बसायचं काम मिळालं. डॉक्टरांची बदली होईपर्यंत आणखी चार-पाच वेळा निरोप आले, आणि दर वेळी ती गेली. पण त्यानंतर तिची सांगण्याची रीत बदलली. रुग्णासमोर स्टूल ओढून ती आधी पदर बाजूला करायची नाही. आधी त्या जिनिंगवाल्या माणसाची गोष्ट सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याने परवानगी दिली होती तशी. ती पुरी झाली आणि समोरच्याने ऐकली अशी तिची खात्री झाली, की मगच आपला हात दाखवायची.